घनपदार्थ यामिकी व पदार्थ अभियांत्रिकी : संशोधन आणि रोजगाराच्या संधी

बाह्य बलांखाली घन वस्तू किती वाकते व कोठे तुटते याचा गणिती अभ्यास म्हणजे घनपदार्थ यामिकी होय. ती तशी का वागते, याचे उत्तर पदार्थ अभियांत्रिकी तिच्या अंतर्रचनेत शोधते. १९५४ मध्ये कॉमेट जातीची दोन प्रवासी विमाने आकाशातच भंगली. प्रत्येक उड्डाणात केबिनमधील दाबाच्या चढउतारामुळे, कवचातील खिडक्यांसारख्या उघाडांच्या कोपऱ्यांपाशी प्रतिबल एकवटून सूक्ष्म तडे वाढत गेले होते. एकदा पेललेला भारही वारंवार पडल्यास धातूस मोडतो. यास धातूचा शिणवटा म्हणतात. तडा केव्हा पसरेल याचे ऊर्जेवर आधारलेले गणित ग्रिफिथ यांनी काचेच्या प्रयोगांवरून १९२१ मध्ये मांडले होते. अर्विन यांनी पुढे ते धातूंपर्यंत नेले.

अशा प्रश्नांवर हैदराबादची संरक्षण धातुकर्म संशोधन प्रयोगशाळा व बंगळूरची राष्ट्रीय वांतरिक्ष प्रयोगशाळा येथे संशोधन चालते. वाहन-उद्योगात चाचणी व संगणकीय विश्लेषण यांसाठी मनुष्यबळ लागते.

हे क्षेत्र केवळ अभियंत्यांचे, हा महाविद्यालयांतील समज मात्र अर्धसत्य आहे. गेट परीक्षेच्या ‘इंजिनिअरिंग सायन्सेस’ प्रश्नपत्रिकेत गणित अनिवार्य असून सॉलिड मेकॅनिक्स व मटेरियल्स सायन्स हे ऐच्छिक विभाग आहेत. बी.एस्सी.च्या तृतीय वर्षाचा विद्यार्थीही ती देऊ शकतो. गुणांक तीन वर्षे ग्राह्य असतो. उद्योगातील आराखडा विभागाची पदे बहुधा अभियांत्रिकी पदवीच मागतात. विज्ञान पदवीधराची वाट एम.एस्सी.नंतर एम.टेक. वा संशोधन अधिछात्रवृत्तीतून जाते. अडचण निराळीच आहे : पदवीच्या भौतिकशास्त्रात प्रत्यास्थता बहुधा यंगच्या गुणांकाशीच थांबते, आणि प्रवेशपरीक्षा तेथूनच पुढे सुरू होते.