रेघांनी आखलेलं शहर : बाल्टिमोर

अमेरिकेच्या मेरीलँड राज्यातल्या बाल्टिमोर शहरात ग्रीनमाउंट अव्हेन्यू नावाचा रस्ता आहे. दक्षिणेकडून उत्तरेकडे जाणारा, बसचा, दुकानांचा, अगदी साधा रस्ता. त्याच्या एका टप्प्यावर पश्चिमेला गिलफर्ड ही वस्ती लागते. दगडी आणि विटांचे प्रशस्त बंगले, जुनी ओकची झाडं, आखीव हिरवळ. इथल्या शेरवुड गार्डन्समध्ये दर वसंतात हजारो ट्यूलिप फुलतात आणि ती बघायला गावभरातून लोक येतात. रस्त्याच्या पूर्वेला एकमेकांना चिकटलेली अरुंद घरं, दारूचं दुकान, वेतनाचे चेक कमिशन कापून वटवून देणारी खिडकी आणि मधूनमधून फळ्या ठोकून बंद केलेली दारं. रस्ता ओलांडायला अर्धं मिनिट पुरतं. पण गिलफर्डमधल्या अनेक गल्ल्या या रस्त्याला मिळण्याआधीच थांबतात किंवा एकेरी वाहतुकीच्या होतात.

शहराच्या आरोग्य खात्याने वस्तीवार आयुर्मान मोजलं, तेव्हा सर्वांत सधन आणि सर्वांत गरीब वस्त्यांत वीसेक वर्षांची तफावत निघाली. एकाच पालिकेचं पाणी पिणाऱ्या माणसांमध्ये एवढं अंतर कसं पडतं? एका बाजूचे लोक कष्टाळू आणि दुसऱ्या बाजूचे निष्काळजी, हे उत्तर अमेरिकेत सहज दिलं जातं. आपल्याकडूनही दिलं जातं. बाल्टिमोरची कागदपत्रं मात्र वेगळं सांगतात. ही विषमता आपसूक उगवलेली नाही. ती कायद्याने, खरेदीखतांनी, नकाशांनी आणि अंदाजपत्रकांनी आखलेली आहे.

एक घर आणि एक कायदा

१९१० साली जॉर्ज मॅकमेकन हे कृष्णवर्णीय वकील कुटुंबासह मॅककुलो स्ट्रीटवरच्या १८३४ क्रमांकाच्या घरात राहायला आले. ते येल विद्यापीठातून कायदा शिकलेले. घर विकत घेतलं होतं त्यांचे वकिलीतले भागीदार अ‍ॅश्बी हॉकिन्स यांनी. तो भाग गोऱ्यांचा मानला जाई. घराच्या काचा फुटल्या, सभा भरल्या, आणि त्याच वर्षी डिसेंबरात महापौर बॅरी महूल यांनी एका कायद्यावर सही केली. ज्या गल्लीत गोऱ्यांची संख्या जास्त तिथे कृष्णवर्णीयांनी राहायला जायचं नाही आणि ज्या गल्लीत कृष्णवर्णीय जास्त तिथे गोऱ्यांनी नाही. निवासासाठी गल्लीगणिक वंशभेद करणारा हा अमेरिकेतला पहिला पालिका कायदा. महूल सुधारणावादी म्हणून ओळखले जात. दक्षिणेकडच्या कित्येक शहरांनी या कायद्याचं अनुकरण केलं.

हॉकिन्स कोर्टात लढत राहिले. १९१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने लुईव्हिल शहराच्या खटल्यात असे कायदे रद्द केले. मात्र त्या निकालाचा आधार समतेचा नव्हता, तर मालकाच्या मालमत्ता विकण्याच्या हक्काचा होता. ती फट लगेच वापरली गेली. पालिकेला जे करता येईना ते खासगी खरेदीखतांतून होऊ लागलं. रोलंड पार्क कंपनीने वसवलेल्या गिलफर्डसारख्या वसाहतींत खतातच अट असे की, घरनोकर सोडून कृष्णवर्णीय माणसाने इथे राहायचं नाही. ज्यूंनाही तिथे घर मिळत नसे. अशा अटी न्यायालयातून बजावून घेता येणार नाहीत, असा निकाल यायला १९४८ साल उजाडलं.

दरम्यान १९३७ मध्ये केंद्र सरकारच्या गृहकर्ज संस्थेने बाल्टिमोरचा रंगीत नकाशा केला. हिरवा म्हणजे उत्तम, लाल म्हणजे धोक्याचा. कृष्णवर्णीयांच्या वस्त्या लाल रंगात गेल्या. तिथे स्वस्त गृहकर्ज मिळेना. अमेरिकन मध्यमवर्गाची संपत्ती मुख्यतः घरातून उभी राहिली आहे. कर्ज फेडत आईबाप घराचे मालक झाले आणि त्या घराच्या किमतीवर मुलं कॉलेजात गेली. ज्यांना ते कर्जच नाकारलं गेलं, त्यांच्या नातवंडांच्या हाती आज काय असणार?

गावकूस म्हणजे काय, हे मराठी वाचकाला शिकवावं लागत नाही. बाल्टिमोरमध्ये ते कूस सही-शिक्क्यानिशी घातलं गेलं. त्याची तारीख सापडते, सही करणाऱ्याचं नाव सापडतं. म्हणून त्याची जबाबदारीही ठरवता येते.

शहर रिकामं झालं

१९५० मध्ये बाल्टिमोरची लोकसंख्या साडेनऊ लाख होती. २०२० च्या जनगणनेत ती पाच लाख ८६ हजारांच्या आसपास भरली. दुसऱ्या महायुद्धानंतर गोरी कुटुंबं उपनगरांत गेली. दलाल त्यांना घाबरवून घरं कमी भावात विकायला लावत आणि तीच घरं कृष्णवर्णीय कुटुंबांना चढ्या भावात, जाचक अटींवर विकत.

इथे आणखी एक रेघ आडवी आली. बाल्टिमोर शहर १८५१ पासून भोवतालच्या बाल्टिमोर काउंटीपासून वेगळं आहे. १९४८ च्या राज्यघटना दुरुस्तीनंतर हद्दवाढ जवळजवळ अशक्य झाली. म्हणजे पैसेवाले लोक चार मैल पलीकडे गेले, की त्यांची घरपट्टीही गेली. आज शहरात घरपट्टी दर शंभर डॉलर मूल्यांकनामागे २.२५ डॉलरच्या आसपास आहे आणि काउंटीत १.१० डॉलर. मोठी रुग्णालयं, विद्यापीठं आणि सरकारी इमारती करमुक्त असल्याने बोजा उरलेल्यांवर पडतो. गरीब शहर जास्त कर लावतं, म्हणून ज्याला जमतं तो बाहेर पडतो, आणि त्यामुळे शहर आणखी गरीब होतं.

रिकाम्या घरांचा आकडा अनेक वर्षं तेरा ते सोळा हजारांच्या दरम्यान राहिला. रांगेतल्या घरांच्या भिंती सामायिक असतात. मधल्या घराचं छप्पर कोसळलं, की शेजारच्या म्हातारीच्या भिंतीत ओल उतरते, उंदीर येतात, विमा महागतो. जानेवारी २०२२ मध्ये स्ट्रिकर स्ट्रीटवरच्या अशाच एका रिकाम्या घराला आग लागली. घर कोसळून अग्निशमन दलाचे तीन जवान मृत्युमुखी पडले.

पायऱ्यांवरचं जगणं

या शहराला फक्त पडझडीने ओळखणं अन्यायाचं ठरेल. बाल्टिमोरच्या रांगेतल्या घरांना पुढे संगमरवरी पायऱ्या असतात. जवळच्या कॉकिजव्हिलच्या खाणीतला हा दगड. बायका दर आठवड्याला या पायऱ्या घासून पांढऱ्याशुभ्र करत. कामगार वस्तीतला तो स्वाभिमानाचा भाग होता. आजही उन्हाळ्याच्या संध्याकाळी लोक पायऱ्यांवर येऊन बसतात. पोरं बर्फाचा गोळा खात असतात, त्यावर मार्शमॅलोचा पांढरा थर. कोणाच्या अंगणात कागद अंथरून मसालेदार वाफवलेले खेकडे फोडले जात असतात. ज्या ओट्यावर आपल्याकडे गाव बसायचं, तो ओटा इथे या पायऱ्यांच्या रूपात जिवंत आहे.

काही भागांत अजूनही घोडागाडीवर फळं-भाजी विकणारे ‘अ‍ॅरॅबर’ दिसतात. यादवी युद्धानंतर कृष्णवर्णीयांना फारशी कामं मिळत नसताना त्यांनी हा धंदा धरला. घोड्याच्या गळ्यात घुंगरं आणि विक्रेत्याची गाऊन दिलेली आरोळी. आता मोजकेच तबेले उरलेत. पण ज्या वस्तीत सुपरमार्केट नाही तिथे ताजं कलिंगड आणि टोमॅटो दारात येणं ही चैन नाही, गरज आहे. पालिकेच्याच २०१८ च्या अहवालानुसार शहरातले जवळपास एक चतुर्थांश लोक अशा भागांत राहतात, जिथे सकस अन्न सहज मिळत नाही. तिथे कोपऱ्यावरचं दुकान असतं. जाड पारदर्शक पडद्याआड दुकानदार, बाहेर चिप्स, सोडा, सिगारेट, लॉटरी.

दूरच्या बाजारात जायचं तर सुमारे तीस टक्के कुटुंबांकडे गाडी नाही. बस बदलत जायचं, आणि एक बस चुकली की कामावर खाडा. रस्त्याच्या सिग्नलला गाड्यांच्या काचा पुसणारी कृष्णवर्णीय मुलं हा शहराचा जुना वादविषय. २०२३ च्या सुरुवातीला पालिकेने काही चौकांत काचा पुसायला बंदी केली आणि सोबत नोकरी, शिक्षण, समुपदेशनाची सोय देऊ केली. हटवण्याआधी काय देणार, हा प्रश्न विचारला गेला, हे महत्त्वाचं.

रंगातलं विष, रद्द झालेली रेल्वे

जुन्या घरांच्या रंगात शिसं असे. पोपडे पडतात, रांगतं मूल ते तोंडात घालतं आणि मेंदूची कायमची हानी होते. बाल्टिमोरने १९५१ मध्येच घराच्या आतल्या भागात शिशाचा रंग वापरायला बंदी केली. देशव्यापी बंदी १९७८ ची. पण भिंतीवर आधीच असलेला रंग खरवडून काढायचा खर्च भाड्याच्या घरांत कोण करणार?

१९ एप्रिल २०१५ रोजी पोलीस कोठडीत झालेल्या दुखापतींनी फ्रेडी ग्रे हा २५ वर्षांचा तरुण मरण पावला. लहानपणी शिशाची बाधा झाल्याबद्दल त्याने आणि त्याच्या बहिणींनी घरमालकाविरुद्ध दावाही लावलेला होता. ज्या सँडटाउन भागात तो वाढला, तिथे दोन्ही अन्याय एकाच आयुष्यात भेटले. शहरात संतापाचा उद्रेक झाला, दुकानं जळली, संचारबंदी लागली.

त्यानंतर दोनच महिन्यांत राज्यपाल लॅरी होगन यांनी ‘रेड लाइन’ रद्द केली. ही पूर्व-पश्चिम जाणारी, सुमारे चौदा मैलांची प्रस्तावित रेल्वे. केंद्राने देऊ केलेले सुमारे ९० कोटी डॉलर परत गेले. ज्या पश्चिम बाल्टिमोरला ही रेल्वे जोडणार होती, तिथेच १९७० च्या दशकात एका महामार्गासाठी सुमारे दीड हजार लोकांची घरं पाडली होती. तो महामार्ग पुढे पूर्णच झाला नाही. सव्वादोन किलोमीटरचा खंदक उरला. लोक त्याला ‘कुठेच न जाणारा महामार्ग’ म्हणतात.

पूल, पोलाद आणि पगार

२६ मार्च २०२४ च्या मध्यरात्रीनंतर ‘डाली’ हे मालवाहू जहाज फ्रान्सिस स्कॉट की पुलावर आदळलं आणि पूल कोसळला. जहाजावरचे २१ पैकी २० खलाशी भारतीय होते, म्हणून ती बातमी आपल्याकडे घरोघरी पोचली. पुलावर त्या रात्री खड्डे बुजवणारे सहा मजूर मेले. मेक्सिको, ग्वाटेमाला, होंडुरास, एल साल्वादोरमधून पोट भरायला आलेली ती माणसं. शहर झोपलेलं असताना रस्ता नीट करणारं कोण असतं, हे अमेरिकेला त्या दिवशी नावानिशी कळलं.

त्याच बंदराकाठी स्पॅरोज पॉइंटला बेथलेहेम स्टीलचा अजस्र कारखाना होता. १९५० च्या दशकात तिथे तीस हजारांवर कामगार होते. २०१२ मध्ये तो बंद पडला. कृष्णवर्णीयांना तिथे काम मिळे, पण बहुधा सर्वांत तापलेल्या आणि धोक्याच्या जागी. चांगल्या हुद्द्यांची वाट ओळखीतून जाई. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या समाजशास्त्रज्ञांनी १९८२ मध्ये पहिलीत असलेल्या सुमारे ७९० मुलांचा पंचवीसहून अधिक वर्षं पाठपुरावा केला. विशीच्या अखेरीस गरीब घरच्या मुलांपैकी फक्त चार टक्के पदवीधर झाले होते. सुस्थितीतल्या घरांतून हेच प्रमाण ४५ टक्के. शिवाय पदवी नसलेल्या गोऱ्या मुलांना काका-मामांच्या ओळखीने बांधकामाची, कारागिरीची बऱ्या पगाराची कामं मिळाली. कृष्णवर्णीय मुलांना ती ओळखच नव्हती.

दिल्लीत जन्मलेले अर्थशास्त्रज्ञ राज चेट्टी आणि त्यांचे सहकारी यांनी २०१५ मध्ये देशातल्या सर्वाधिक लोकसंख्येच्या शंभर काउंटी तपासल्या. गरीब घरची मुलं मोठी होऊन किती कमावतात, या बाबतीत बाल्टिमोर शहर शेवटचं आलं. त्यांच्याच दुसऱ्या अभ्यासात, बाल्टिमोरसह पाच शहरांत सरकारी मदतीने तेरा वर्षांच्या आत चांगल्या वस्तीत गेलेली मुलं पुढे सुमारे ३१ टक्के जास्त कमावताना दिसली. त्यांचे आईबाप तेच होते, रंगही तोच होता. बदलली होती फक्त वस्ती.

आपण कुठे राहतो?

या भागात आलेली बरीच मराठी कुटुंबं शहरात राहत नाहीत. ती हॉवर्ड काउंटीत, कोलंबिया किंवा एलिकॉट सिटीत घर घेतात. घर बघण्याआधी शाळेचा दर्जा बघतात. मुलांसाठी केलेली ती निवड समजण्यासारखी आहे. मात्र कोलंबिया हे गाव जेम्स राऊस यांनी १९६७ मध्ये वसवलं तेच मुळी सर्व वर्णांच्या लोकांनी शेजारी राहावं म्हणून. ज्या खुल्या दारातून आपण आत आलो, ते इतरांनी झगडून उघडं ठेवलं होतं. शाळांचा पैसा बऱ्याच अंशी स्थानिक करांतून येतो. जानेवारी २०१८ मध्ये बाल्टिमोरच्या शाळांत हीटर बंद पडले आणि मुलं कोट घालून वर्गात बसली. त्याच राज्यात, तासाभराच्या अंतरात, दुसऱ्या मुलांचे वर्ग उबदार होते.

बाल्टिमोर आता सावरू पाहतं आहे. २०१५ ते २०२२ अशी सलग आठ वर्षं दरवर्षी तीनशेहून अधिक खून झाले. २०२४ मध्ये तो आकडा २०१ वर आला. वस्तीतलेच लोक भांडणं रक्तावर जाण्याआधी मिटवतात, त्या कामाचा यात वाटा आहे. २०२१ मध्ये राज्याने शाळांना मोठा निधी देणारा कायदा केला. २०२३ मध्ये राज्यपाल वेस मूर यांनी रेड लाइन पुन्हा हाती घेतली, आणि त्याच वर्षअखेर महापौर ब्रँडन स्कॉट यांनी चर्च आणि वस्ती संघटनांच्या रेट्याने रिकाम्या घरांसाठी पंधरा वर्षांची, तीन अब्ज डॉलरची योजना जाहीर केली.

हे पुरेसं आहे का? नाही. शंभर वर्षं ज्यांच्या वाट्याचं कर्ज, रेल्वे, शाळा आणि स्वच्छ भिंत काढून घेतली गेली, त्यांना ते एका योजनेने परत मिळत नाही. पण या योजनांमागे एक कबुली आहे : वस्ती आपोआप बिघडत नाही, ती बिघडवली जाते. मुंबईत, पुण्यात, नागपुरात आपणही रस्त्याच्या दोन बाजू रोज बघतो आणि त्या मुळातच तशा असल्याचं धरून चालतो. बाल्टिमोरने निदान आपल्या रेघा कोणी, कधी आणि कशासाठी ओढल्या हे शोधून काढलं आहे. कुठला नियम बदलायचा आणि कुणाला पैसे द्यायचे, हे त्या शोधातूनच ठरतं. आपल्या शहरांनीही आता तो शोध सुरू करायला हवा.