कोपर आणि कासोटा

माझी भाची रिगिंग करते. लग्नकार्यात कुणी विचारलं की तिची आई 'कॉम्प्युटरवर असते' एवढं सांगून विषय संपवते. संपादकांनी पिंगुळीच्या कळसूत्री बाहुल्यांवर लेख मागितला म्हणून मी कुडाळला जाऊन आलो. तिथे ठाकर मंडळींची एक बाहुली हातात घेतली, तेव्हा लक्षात आलं की सगळी करामत सांध्यांची आहे. म्हटलं, आता भाचीचं कामही एकदा बघावं. बाहुल्यांचा लेख अजून बाकी आहे, हा आधी झाला.

कोथरूडमध्ये पिठाच्या गिरणीवर दोन खोल्या, चार स्क्रीन. एका बचत गटासाठी दोन मिनिटांची फिल्म चालली होती आणि तिच्यात नऊवारीतली एक आजी. चित्रकाराकडून आजी येते ती तुकड्यांत: डोकं, धड, दंड, कोपराखालचा हात, पंजा, मांडी, पोटरी, पाऊल. प्रत्येक तुकडा वेगळ्या लेअरवर. ते सांध्यांत जोडायचे आणि ओढायला कळा ठेवायच्या, की झाला रिग.

युक्ती जुनीच आहे. जर्मनीत लोट्टे रायनिगरने काळ्या पुठ्ठ्याच्या, सांधे असलेल्या आकृत्या एकेका फ्रेमला किंचित सरकवत १९२६ साली राजपुत्र आखमेटची अख्खी गोष्ट पडद्यावर आणली. भाची वापरते ते आफ्टर इफेक्ट्स १९९३ साली अमेरिकेतल्या प्रॉव्हिडन्स शहरात एका छोट्या कंपनीने काढलं. पुढच्याच वर्षी ते अडोबीकडे गेलं. चित्रावर चित्र चढवणं हा त्याचा मूळ धंदा. माणसं चालवायचं काम लोकांनी त्याच्याकडून करून घेतलं, आणि त्यासाठी डुईकसारखी फुकट जोडसाधनंही तयार झाली.

"मामा, हा पंजा धरून ओढा."

मी ओढला. पंजा तोंडाकडे गेला आणि कोपर आपला आपण वाकला. मी तो चारदा नेला-आणला. याला आयके म्हणतात. एरवी आधी खांदा फिरवा, मग कोपर, मग मनगट, आणि एवढं करून पंजा कपापर्यंत पोचला का ते बघा. आयकेत पंजा कुठे हवा तेवढं सांगायचं, बाकीचं यंत्र काढतं. दंडाची लांबी ठाऊक, खालच्या हाताची ठाऊक, खांद्यापासून पंजापर्यंतचं अंतर मोजता येतं. म्हणजे तिन्ही बाजू माहीत असलेला त्रिकोण. कॉलेजात घोकून विसरलेलं कोसाइनचं सूत्र तिथे आजीला चहा पाजत होतं.

मग मी हात पूर्ण ताणला, जरासा मागे घेतला, आणि कोपर टचकन उडाला. भाची हसली. "होतं तसं." दोन्ही तुकडे दोनशे-दोनशे पिक्सेलचे. पंजा खांद्यापासून तीनशेवर असताना दोन पिक्सेल आत घेतला, तर कोपर अंशभरही वळत नाही. तेच दोन पिक्सेल चारशेवरून, म्हणजे ताठ हातावरून घेतले, तर तो साडेअकरा अंश वळतो. घरी येऊन कॅल्क्युलेटरवर पडताळलं, बरोबर निघालं. म्हणून तिची माणसं हात कधी पुरता ताणत नाहीत. कायम थोडी कोपरात वाकलेली, जणू काही मागायला आलेली.

मला वाटलं, कठीण भाग संपला. पण आजीला अजून चालायचं होतं.

पाचवारी सोपी. पाय आत झाकलेले, पावलं आणि साडीची खालची कड हलवली की भागतं. नऊवारीत कासोटा. दोन्ही पाय वेगळे दिसतात, मधे ताणलेलं कापड, वर निऱ्या आणि खाली काठ. या कापडाला हाड नाही, त्यामुळे आयके इथे चालत नाही. मग पपेट टूल. चित्रावर त्रिकोणांची जाळी पसरायची, जागोजागी पिना टोचायच्या, आणि पिन हलली की जाळी ताणली जाते. पण जाळीला काय माहीत, कुठे कापड आहे आणि कुठे रबर? पाय पुढे पडला की काठ च्युइंग गमसारखा लांबायचा. त्यावर एक वेगळी पिन आहे, तेवढा भाग ताठ ठेवणारी. इंग्रजीत तिचं नाव चक्क 'स्टार्च', म्हणजे आपली खळ. नऊवारीला संगणकातसुद्धा खळ द्यावी लागते हे कळल्यावर मी उगाच खूश झालो.

खळही पुरली नाही. निऱ्या कडक केल्या तर चाल लाकडी झाली, सैल सोडल्या तर काठ वितळला. शेवटी तिने काठ कापून वेगळ्या लेअरवर घेतला आणि त्याला स्वतंत्र पिना लावल्या. एका सेकंदाला पंचवीस फ्रेम, तेवढ्यात आजीची दोन पावलं. त्या दोन पावलांना चार दिवस लागले.

आणि शेवटच्या प्रसंगात आजीने परत फिरायचं होतं. तयार टेम्प्लेटमधल्या टी-शर्टवाल्या माणसाला परत फिरवणं म्हणजे चित्र आरशासारखं उलटं करणं, एका आकड्यामागे उणे चिन्ह. तिने ते केलं. डाव्या खांद्यावरचा पदर उजवीकडे गेला, नथ उजव्या नाकपुडीत.

"बाई गुजराती झाली बघा," ती म्हणाली, आणि दुसरा रिग करायला बसली. पैसे एकाच आजीचे ठरले होते.

त्या शुक्रवारी आजी डावीकडून उजवीकडे चालत गेली. उजवीकडून डावीकडे यायला पुढचा बुधवार उजाडला.