कोड्यातून संगणकाकडे

वाघ, शेळी आणि गवताचा भारा नदीपार न्यायचा. होडीत एका खेपेला एकच मावते. मग आधी काय न्याल? शेळी! नाहीतर वाघ शेळीला खाईल, नाहीतर शेळी गवत खाईल. कोडे असे पायरीपायरीने सुटते.

दत्तात्रय रामचंद्र कापरेकर हे डहाणूचे. लहानपणापासून त्यांना आकड्यांच्या कोड्यांचा नाद. पुढे ते नाशिकजवळ देवळालीला शाळामास्तर झाले. १९४९ साली त्यांना एक गंमत सापडली. तुम्हीही करून पाहा.

१९६२ हा आकडा घ्या. त्यातले अंक मोठ्यापासून मांडा, ९६२१. मग लहानापासून मांडा, १२६९. वजाबाकी करा. ८३५२ उरतात. पुन्हा तेच करा. ८५३२ वजा २३५८. उत्तर ६१७४. आणखी करा, ६१७४च येणार! चारही अंक सारखे नसलेला कोणताही चार अंकी आकडा घ्या. फार तर सात वजाबाक्यांत तो इथेच येतो. मध्ये तीनच अंक उरले, तर पुढे शून्य मांडा.

ठरलेली कृती न चुकता पुन्हा पुन्हा करायची. संगणकाचे कामही असेच चालते. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली आपल्याच माणसांनी बांधलेला संगणक सुरू झाला. १९६२ साली पंडित नेहरूंनी त्याचे नाव टिफ्राक ठेवले. यंत्र मोठे, पण कामाच्या पायऱ्या माणसानेच लिहून द्यायच्या. त्या नेमक्या लिहिणे, हाच संगणकशास्त्राचा पाया.

म्हणून पोर कोडी सोडवत बसले, तर त्याच्यावर रागावू नका. जवळ बसा आणि विचारा, "बाळा, पहिली पायरी कोणती?"