शाळेच्या गाडीचे ‘मामा’

सोलापुरास बर्फ पडत नाहीं हें सांगण्यास भूगोलाच्या पुस्तकाची गरज नाहीं. तथापि परदेशीं स्थायिक झालेल्या आपल्यांतील कुटुंबांकडून हिवाळ्यांत जीं छायाचित्रें येतात, त्यांत बर्फानें भरलेल्या रस्त्यावरून येणारी शाळेची पिवळी बस हमखास असते. आणि घरांतील बालगोपाळ तें चित्र पाहून हळहळतात कीं, आपल्या वांट्यास असली गंमत नाहीं. आम्हांस मात्र तें चित्र पाहिलें कीं आपल्याच गांवांतील एका वर्गाची आठवण होते. पहांटे गाडी पुसून, तिच्या समोरच्या कांचेस व देवास एकदमच हात जोडून, दहाबारा घरचीं मुलें गोळा करीत फिरणाऱ्या या लोकांविषयीं आपल्या मासिकांतून कोणी फारसें लिहिलेलें नाहीं. शिक्षकांचीं चरित्रें निघतात, संस्थाचालकांचे गौरव होतात. पण आपलें मूल रोज दोन वेळां ज्याच्या हातीं सोंपवितों, त्याचें आडनांवही पुष्कळ घरांत ठाऊक नसतें.

त्या पिवळ्या रंगाचा इतिहास मोठा मनोरंजक आहे. अमेरिकेंत पूर्वीं शाळेच्या गाड्या वाटेल त्या रंगाच्या असत. 1939 सालच्या एप्रिलांत न्यूयॉर्क येथील कोलंबिया विद्यापीठाच्या शिक्षक-महाविद्यालयांत फ्रँक सायर नांवाच्या प्राध्यापकानें निरनिराळ्या राज्यांतील शिक्षणाधिकारी आणि गाड्या बांधणारे कारखानदार यांची परिषद भरविली, व तींत गाडीच्या मापांबरोबर हा रंगही ठरला. कारण पहांटेच्या अंधुक प्रकाशांत त्यावरील काळीं अक्षरें चटकन दिसतात. तेथील कायदा असा कीं, शाळेची बस तांबडे दिवे लावून उभी राहिली म्हणजे मागून येणाऱ्या आणि, रस्त्याला मधोमध दुभाजक नसेल तर, समोरून येणाऱ्याही वाहनांनीं जागच्या जागीं थांबलें पाहिजे. त्या लोकांच्या बर्फापेक्षां आम्हांस त्यांच्या या एका नियमाचा अधिक हेवा वाटतो. महाराष्ट्र सरकारनेंही 2011 सालीं शाळेच्या बसगाड्यांकरितां स्वतंत्र नियम केले. पिवळा रंग, ठराविक मर्यादेवर वेग जाऊं न देणारें यंत्र, औषधांची पेटी, आग विझविण्याचें साधन, लहान मुलांस चढवून-उतरवून घेण्यास बाई, शाळेंत मुख्याध्यापकांच्या अध्यक्षतेखालीं परिवहन समिति, असें बरेंच कांहीं त्यांत आहे व तें चांगलेंच आहे. परंतु सात रस्त्याच्या गर्दींत आपली पिवळी गाडी मूल उतरविण्यास थांबली असतां मागचा मोटारसायकलस्वार थांबत नाहीं. तो भोंगा वाजवितो.

आमच्या परिचयाचे जे गृहस्थ हें काम करतात त्यांचें नांव येथें देत नाहीं. मुलें त्यांस ‘मामा’ म्हणतात, आणि त्यांच्या पेशास तेवढें नांव पुरेसें आहे. वय पन्नाशीच्या पलीकडे. वडील कापडाच्या गिरणींत होते. गिरणीचा भोंगा बंद झाला तेव्हां मुलानें प्रथम रिक्षा व पुढें व्हॅन घेतली. घरीं कानडी, शेजारीं तेलुगु, बाजारांत दखनी आणि आमच्याशीं मराठी, असा त्यांचा चतुर्भाषिक संसार आहे, आणि सोलापुरांत तो कोणास नवलाचा वाटत नाहीं. सकाळीं एका दाराशीं ‘बेगा बा’, दुसऱ्या दाराशीं ‘तोंदरगा रा’, तिसऱ्या दाराशीं ‘जल्दी आ रे’ आणि आमच्या दाराशीं ‘चल की बे, घंटा व्हायली!’ हा ‘बे’ बाहेरगांवच्या पाहुण्यांस उद्धट वाटतो. आमच्या घरच्या पुण्याच्या सुनेनें पहिल्या आठवड्यांत त्याविषयीं नापसंती दर्शविली होती. तिसऱ्या महिन्यांत तीच आपल्या मुलास ‘ऊठ की बे’ म्हणूं लागली. असो.

मामांचा आनंदी स्वभाव हा केवळ स्वभाव नव्हे, त्यांत कसबही आहे. रडणाऱ्या मुलास ते समजावीत नाहींत. त्यास पुढें बसवून ‘आज डावीकडचे दिवे तूं मोजायचे’ असें काम देतात. भांडणारीं दोन मुलें दोन खिडक्यांशीं बसवितात आणि मध्यें सर्वांत गंभीर अशी एखादी चौथीतली मुलगी न्यायाधीश म्हणून नेमतात. ज्यास गाडी चालवावयाची आहे त्यास मागें वळून ओरडतां येत नाहीं, म्हणून आंत शांतता राहील अशी तजवीज आधींच करावी लागते, हें त्यांचें शास्त्र आहे.

आतां हिवाळा. येथील थंडी ती काय! पौष महिन्यांतही पारा सहसा पंधराच्या आसपास असतो, एखाद्या वर्षीं दहापर्यंत उतरतो. पण जानेवारीच्या मध्यास सूर्य सातच्या सुमारास उगवतो, आणि सातच्या शाळेचीं मुलें त्यापूर्वींच रस्त्यावर असतात. हाच काळ उसाच्या गाळपाचा. सोलापूर जिल्ह्यांत साखर कारखाने तीसहून अधिक आहेत. हंगामांत मंगळवेढ्याकडून, मोहोळकडून, अक्कलकोटकडून उसानें लादलेल्या ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या रात्रंदिवस चालतात. एकामागें एक दोन ट्रॉल्या जोडलेल्या, ऊस दोन्ही अंगांस हातभर बाहेर आलेला, मागें दिवा नाहीं, आणि कित्येकदां चकाकणारी तांबडी पट्टीही नाहीं. ओढ्याकांठीं धुकें उतरलेलें असलें म्हणजे ही ट्रॉली वीस पावलांवर येईपर्यंत दिसत नाहीं. शहराबाहेरच्या वस्त्यांवरून मुलें आणणाऱ्या चालकांचा खरा बर्फ तो हाच. मामा म्हणतात, ‘धुक्यांत डोळ्यांवर भरवसा नाहीं, नाकावर ठेवायचा, ऊस आधीं वास देतो.’ आम्हांस वाटलें ते थट्टा करीत आहेत. त्यांच्या बरोबरीच्या दुसऱ्या चालकानेंही तेंच सांगितलें. ट्रॉल्यांस मागें पट्ट्या लावण्याची मोहीम हंगामाच्या आरंभीं निघते खरी. तथापि ज्या कारखान्याच्या काट्यावर प्रत्येक ट्रॉली उभी राहतेच, तेथेंच पट्टी पाहिल्यावांचून वजन करावयाचें नाहीं असा दंडक घातला, तर ही मोहीम वर्षानुवर्षें काढावी लागणार नाहीं असें आमचें मत आहे.

त्याच सुमारास संक्रांतीची गड्ड्याची यात्रा येते. श्रीसिद्धरामेश्वरांच्या नंदीध्वजांची मिरवणूक निघते, अडुसष्ट लिंगांस प्रदक्षिणा होते, अक्षता पडतात, आणि त्या दिवसांत अर्ध्या गांवचे रस्ते वाहनांस बंद. शाळा सुरू असेल तर मामा पांचदहा मिनिटांच्या वाटेस अर्धा तास धरतात. मुलें मात्र त्या अर्ध्या तासाची वर्षभर वाट पाहतात, कारण वळसा घालतांना पाळणे दिसतात.

परंतु येथील खरा शत्रु हिवाळा नव्हे, ऊन होय. मार्चच्या मध्यापासून डांबर तापूं लागतें. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिसाच्या वर असणें हा येथें नेहमींचा प्रकार असून कित्येक वर्षीं तो त्रेचाळीस-चव्वेचाळिसापर्यंत चढतो. काश्मिरांत बर्फ पडतें म्हणून तेथील शाळा ऐन हिवाळ्यांत दोन-अडीच महिने बंद ठेवतात. जो ऋतु क्रूर, त्या ऋतूंत मुलांनीं घरीं राहावें हा विचार सरळ आहे. विदर्भांतही उन्हाकरितां जूनमधील शाळा उर्वरित महाराष्ट्राहून आठवडाभर उशिरां उघडतात. सोलापूरचें ऊन विदर्भाच्या जवळपासचें, पण वेळापत्रक पुण्या-मुंबईचें. 2025 सालीं तर पहिली ते नववीच्या परीक्षा एप्रिलअखेरीपर्यंत लांबविल्या गेल्या. शाळा सकाळच्या केल्या, प्राथमिक शाळा सव्वाअकरास व माध्यमिक पावणेबारास सुटावी असें ठरलें. पण शाळा सुटणें निराळें आणि मूल घरीं पोंचणें निराळें. शेवटच्या घरचें मूल उतरतें तेव्हां सूर्य माथ्यावर असतो. बरें, त्याच्याच आदल्या वर्षीं, म्हणजे फेब्रुवारी 2024 मध्यें, चौथीपर्यंतच्या मुलांची झोंप पुरी व्हावी म्हणून त्यांच्या शाळा सकाळीं नवापूर्वीं भरवूं नयेत असा हुकूम निघाला होता. झोंपेचा विचार करावा तर ऊन आडवें येतें, उन्हाचा करावा तर झोंप. आणि दोन वेळांच्या दोन खेपांचा हिशेब शेवटीं गाडीवाल्याच्या माथीं बसतो.

उन्हाविषयीं एक गोष्ट प्रत्येक घरांत ठाऊक असावी म्हणून येथें सविस्तर लिहितों. बंद मोटार उन्हांत उभी केली असतां आंतील हवा पहिल्या दहा मिनिटांतच सुमारें दहा अंशांनीं चढते, आणि तासाभरांत ती बाहेरच्यापेक्षां वीस अंशांहून अधिक तापते. कांच बोटभर उघडी ठेवल्यानें यांत फारसा फरक पडत नाहीं. लहान मुलाचें शरीर मोठ्या मनुष्याच्या मानानें तीन ते पांच पट वेगानें तापतें. अशा गाडींत झोंपलेलें एखादें मूल चुकून राहिलें तर काय होईल हें लिहावयास हात धजत नाहीं. पण असे प्रसंग जगांत घडले आहेत आणि आपल्या देशांतही घडले आहेत. अमेरिकेंतील अनेक बसगाड्यांस यासाठीं मागच्या टोंकाशीं एक कळ बसवितात. गाडी बंद करतांच घंटा वाजूं लागते आणि चालक शेवटच्या बांकापर्यंत चालत जाऊन ती कळ दाबीपर्यंत थांबत नाहीं. मामांच्या गाडींत कळ नाहीं. ते शेवटच्या बांकाखालीं आपली जेवणाची पिशवी ठेवतात. शेंगांची चटणी आणि ज्वारीची भाकरी काढण्यास मागें जावेंच लागतें, आणि जातांना प्रत्येक बांकाखालीं नजर जाते. ही युक्ति कोणी शिकविली असें विचारतां ते म्हणाले, ‘भुकेनं.’

इतरही त्यांचे कांहीं नियम आहेत. गाडी कडुलिंबाखालीं उभी करावयाची, मग त्यापायीं अर्धा फर्लांग चालावें लागलें तरी चालेल. रेक्झिनच्या गाद्यांचा चटका बसूं नये म्हणून त्यांवर जुन्या सोलापुरी चादरी अंथरावयाच्या. टॉवेल भिजवून खिडक्यांस लावावयाचे. टायरांत हवा सकाळीं थंड असतांना भरावयाची, आणि दुपारीं ती वाढलेली दिसली म्हणून सोडावयाची नाहीं. सोडली तर टायर अधिक लवून अधिक तापतो व फुटतो. पाण्याचा कॅन नेहमीं भरलेला. तो कॅन गाडींत असल्यामुळें शाळेंतून बाटली रिकामी आणणाऱ्या मुलांची संख्या वाढली आहे अशी त्यांची प्रेमळ तक्रार आहे.

पावसाविषयीं थोडक्यांत सांगतों, कारण येथें तो स्वतःच थोडक्यांत उरकतो. मात्र 2025 च्या सप्टेंबरांत सीनेला महापूर आला, माढा-मोहोळकडील गांवांत पाणी शिरलें, लांबोटीजवळ पुण्याचा हमरस्ता बंद पडला आणि शाळांस सुट्या द्याव्या लागल्या. अशा वेळीं गाडी काढणें हें शौर्य नव्हे, न काढणें हेंच शहाणपण, असें मामांचें मत पडलें, आणि घरोघरीं त्यांनीं स्वतःच दूरध्वनि करून तें कळविलें.

राहिला पैशाचा प्रश्न, आणि तो सर्वांत नाजूक आहे. 2020 च्या मार्चांत साथीमुळें शाळा बंद झाल्या तेव्हां या लोकांचें उत्पन्न एका दिवसांत शून्यावर आलें. गाडीचे हप्ते, विमा, कर हीं मात्र थांबेनात. मामांनीं गाडींतील मागचे बांक काढून भाजी विकली. आपल्या घरांतून त्या काळांत शाळांच्या शुल्काविषयीं पुष्कळ चर्चा झाली. गाडीवाल्याचा विषय किती ठिकाणीं निघाला हें ज्यानें त्यानें आठवून पाहावें. एरवींही मे महिन्याचे पैसे द्यावे कीं न द्यावे यावर दरसाल घासाघीस होते. मूल गाडींत बसलें नाहीं तर पैसे कशाचे, हा प्रश्न वरवर रास्त दिसतो. परंतु त्याचें उत्तर गाडीवाला तोंडानें देत नाहीं. तो जूनमध्यें दोन मुलें अधिक घेतो. मग गाडींत मुलें खच्चून भरतात, दप्तरें बाहेर लोंबतात, आणि आम्हीच वर्तमानपत्र वाचून म्हणतों कीं या लोकांना कायद्याची चाड नाहीं.

गेल्या वर्षीं आमच्या गल्लींतील सात घरांच्या मंडळींनीं, म्हणजे खरें पाहतां सात घरांच्या आजींनीं, या बाबतींत पुढाकार घेतला. एका दुपारीं मामांस ओसरीवर बसवून, ताक पाजून, त्यांनीं स्पष्ट विचारलें कीं, नियमापेक्षां एकही मूल अधिक घ्यावयाचें नाहीं असें ठरविलें तर तुम्हांस दरमहा किती कमी पडतात? मामांनीं आधीं टाळाटाळ केली, मग बोटांवर हिशेब करून आंकडा सांगितला. तो सातांत वाटला असतां प्रत्येक घरीं दोन वेळच्या बाहेरच्या खाण्याइतकाही होईना. मे महिन्याचेंही पुरे द्यावयाचें ठरलें. एका काकांनीं लेखी करार असावा असें सुचविलें. त्यांच्याकडे कोणीं लक्ष दिलें नाहीं.

मामांनीं मान्यता दिली, पण आपलीही एक अट घातली. मूल दाराशीं वेळेवर उभें असलें पाहिजे. दोन मिनिटांहून अधिक ते थांबणार नाहींत, कारण पहिल्या घरीं गेलेलीं दोन मिनिटें सातव्या घरीं चौदा होतात, आणि तीं भरून काढण्यास मग गाडी पळवावी लागते. आजींनीं ती अट तत्काळ मान्य केली. जूनपासून आमच्या गल्लींत सकाळीं सहा वाजून चाळीस मिनिटांनीं सात दारांत सात दप्तरें आणि एखाददुसरा अर्धवट खाल्लेला लाडू उभा असतो. आमचेंच घर दोनदां चुकलें. दोन्ही वेळां मामा खरोखरच निघून गेले, आणि मुलास शाळेंत पोंचवावयास घरांतील वडील मंडळींस स्कूटर काढावी लागली.