घरच्या लॅपटॉपवरचा अल्गो कमावतो का?

पिंपळे सौदागरात राहून हिंजवडीत नोकरी करणाऱ्या अभियंत्याला शेअरखरेदीचा प्रोग्राम, म्हणजेच अल्गो, लिहिणं अवघड नाही. अडतं पुढे. त्याची ऑर्डर ब्रोकरमार्फत मुंबईतल्या एनएसई या शेअर बाजारात पोहोचायला काही मिलिसेकंद जातात. बड्या कंपन्यांचे सर्व्हर बीकेसीत एनएसईच्या आवारातच, तिथे हिशोब मायक्रोसेकंदांचा. चाकणच्या कांदा लिलावात घरून फोनवर बोली लावण्यासारखंच हे. वर सौद्यांवर ब्रोकरेज, एसटीटी (रोखे व्यवहार कर), जीएसटी. बाजार नियामक सेबीच्या २०२४च्या अभ्यासानुसार तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्समधल्या ९३ टक्के वैयक्तिक ट्रेडर्सना तोटा झाला. परदेशी गुंतवणूकदारांचा तिथलाच २०२३-२४चा ९७ टक्के नफा मात्र अल्गोतून आला. वेगाची शर्यत सोडून आठवड्या-महिन्यांच्या चालीवर मोजके सौदे केले, तर थोडी संधी उरते. मात्र सौद्याचा नियम जुन्या भावांवर घोटून बसवलेला नको; प्रोग्रामने न पाहिलेल्या वर्षांवर, सगळा खर्च वजा करून तपासलेला हवा.