एका कामाचा संगणक

दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरून उतरलेल्या वस्तूंचा निकाल पटापट लागतो. पितळेची भांडी चिंचेने घासली जातात, रद्दी तोलली जाते. हात थबकतो तो जुन्या संगणकापाशी. घेताना चाळीस हजार मोजलेले असतात आणि भंगारवाला त्याला किलोचा भाव सांगतो. २०२५ मध्ये तर या पेचाने मुहूर्तच गाठला. लक्ष्मीपूजनाच्या आठवडाभर आधी, १४ ऑक्टोबरला, मायक्रोसॉफ्टने ‘विंडोज १०’चा आधार काढून घेतला. नोंदणी करणाऱ्या घरगुती ग्राहकांना सुरक्षेपुरती वर्षभराची मुदतवाढ मिळाली, एवढाच दिलासा.

‘विंडोज ११’ला टीपीएम २.० ही सुरक्षा व्यवस्था लागते. शिवाय प्रोसेसर इंटेलचा असेल, तर तो साधारण आठव्या पिढीचा, म्हणजे २०१७ नंतर बाजारात आलेला हवा. त्यामुळे २०१५ साली घेतलेला, आजही सुरळीत चालणारा संगणक नियमानेच बाद ठरतो. जगभरात असे सुमारे २४ कोटी संगणक कचऱ्यात जाऊ शकतात, असा अंदाज ‘कॅनालिस’ या बाजार-अभ्यास संस्थेने २०२३ मध्येच मांडला होता.

पण १५ ऑक्टोबरच्या सकाळी यातला एकही संगणक बंद पडला नाही. थांबले ते नव्याने सापडणारी भगदाडे बुजवण्याचे काम. धोका आहे तो इंटरनेटला जोडलेल्या, बँकेचे व्यवहार करणाऱ्या यंत्राला. तेव्हा एक तर त्याची कार्यप्रणाली बदलायची, नाही तर त्याला नेटपासून तोडून एकाच कामाला लावायचे. म्हाताऱ्या बैलाला कोणी नांगराला जुंपत नाही, पण चाऱ्याची गाडी तो निवांत ओढतो.

एका कामाला किती थोडी ताकद पुरते, याचा धडा महाराष्ट्रातल्याच साखरपट्ट्यात मिळाला आहे. गावोगावी संगणक नेण्याचा गाजलेला प्रयोग १९९८ मध्ये वारणानगरच्या साखर कारखान्याच्या परिसरात झाला. सुमारे ७० गावांसाठी ५४ केंद्रे उभी राहिली. काही वर्षांनी मायक्रोसॉफ्टच्याच भारतातील संशोधकांनी पाहिले, तेव्हा तिथे शेतकरी मुख्यतः उसाचे वजन, खताचा हिशेब आणि तोडणीची माहिती विचारत होते. मग या संशोधकांनी सात गावांत केंद्रांऐवजी मोबाइलचा एसएमएस वापरून पाहिला. कारखान्यातला एक संगणक आणि त्याला जोडलेला एक फोन उत्तरे देऊ लागला. आठ महिन्यांच्या चाचणीत हे काम निभावले.

कार्यप्रणाली बदलण्याचा मार्ग केरळच्या सरकारी शाळांनी केव्हाच चोखाळला. तिथली मुले वर्षानुवर्षे लिनक्स या मोफत कार्यप्रणालीवर शिकतात. सी-डॅक या सरकारी संस्थेने ‘बॉस’ ही लिनक्स आवृत्ती तयार केली आहे. ‘लिनक्स मिंट’ची हलकी आवृत्ती ४ जीबी रॅमवर बरी चालते, मराठी टंकलेखनही होते. अर्थात नुसते सॉफ्टवेअर बदलून भागत नाही. फिरत्या तबकडीच्या हार्डडिस्कला माहितीचा एक तुकडा शोधायला साधारण दहा मिलिसेकंद लागतात. एसएसडीला त्याचा शंभरावा हिस्सा. ‘फॉरमॅट मारून’ही न सुधारलेला लॅपटॉप या एका बदलाने पळू लागतो. आणि मदरबोर्डवरचा नाण्याएवढा बटन सेल संपला की घड्याळ मागच्या दशकात जाते, सुरक्षित संकेतस्थळे उघडत नाहीत, आणि मालक समजतो की संगणकच गेला!

दुसरा मार्ग एकाच कामाचा. अकोले तालुक्यात कळसूबाईच्या पायथ्याच्या वाड्यांसारख्या ठिकाणी, जिथे रेंज शोधत टेकाडावर चढावे लागते, तिथे जुन्या लॅपटॉपला ग्रंथपालाचे काम देता येईल. १ मे २००३ रोजी सुरू झालेला मराठी विकिपीडिया ‘किविक्स’ या मोफत सॉफ्टवेअरने पेन ड्राइव्हमध्ये मावतो. लॅपटॉपवर तो ठेवून वाय-फाय सुरू केले की वर्गातले फोन इंटरनेटशिवाय तो वाचू शकतात.

सगळेच जुने मात्र जपण्याजोगे नसते. पेंटियम ४ चा डबा आणि काचेचा जाड मॉनिटर मिळून शे-दीडशे वॉट सहज खातात. त्याच्या अंशावर लॅपटॉप चालतो. ३२-बिट यंत्रांची वाटही अरुंद होते आहे, २०२५ च्या ‘डेबियन १३’ या लिनक्स आवृत्तीने त्यांच्यावर नव्याने बसवण्याची सोय बंद केली. असे यंत्र अधिकृत ई-कचरा केंद्रातच जावे. जगात २०२२ मध्ये ६.२ कोटी टन ई-कचरा निघाला आणि त्यातल्या जेमतेम २२ टक्क्यांच्या रीतसर पुनर्चक्रणाची नोंद आहे. देण्याआधी हार्डडिस्क काढून घेतलेली बरी. तिच्यात फोटोंबरोबर आधार कार्डाच्या प्रतीही असतात.

उरलेल्यांना कामांची वानवा नाही. नगरजवळच्या हिवरे बाजारात पर्जन्यमापकाच्या नोंदींवरून दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडतात आणि पाऊस कमी असेल तर पिके त्या हिशेबाने ठरतात. पाऊस, विहिरींची पातळी, पिकांखालचे क्षेत्र: चार-पाच रकाने आणि वीस-पंचवीस वर्षांच्या ओळी. एवढ्यासाठी २०१० सालचा संगणकही पुरून उरतो, आणि त्याला इंटरनेटची तार लावायची गरजही नाही.