वेळास : बेताच्या खर्चात कासवांच्या गावी

सावित्री नदी बाणकोटच्या खाडीतून अरबी समुद्राला मिळते. खाडीच्या उत्तरेस रायगड जिल्हा, तर दक्षिणेस रत्नागिरी जिल्हा. खाडीचे मुख ओलांडून थोडे दक्षिणेकडे गेले की मंडणगड तालुक्यातील वेळास हे गाव लागते. नारळी-पोफळीच्या वाड्या, कौलारू घरे, पाठीशी डोंगर आणि समोर वाळूचा लांब किनारा, असे हे कोकणातील इतर अनेक गावांसारखेच एक गाव. पेशवाईतील मुत्सद्दी नाना फडणवीस यांच्या भानू घराण्याचे मूळ गाव म्हणून इतिहासाच्या अभ्यासकांना त्याचे नाव परिचित होते. गेल्या दोन दशकांत मात्र वेळासला नवी ओळख लाभली आहे. समुद्री कासवांची पिले समुद्राकडे झेपावताना पाहण्यासाठी दरवर्षी उन्हाळ्याच्या तोंडावर दूरदूरचे पर्यटक या आडबाजूच्या गावी येतात. मोठ्या हॉटेलांचा पसारा नसलेल्या या गावात सामान्य उत्पन्नाच्या कुटुंबालाही दोन दिवस सुखाने राहता येते, ही विशेष लक्षात घेण्याजोगी गोष्ट होय.

संरक्षणाची सुरुवात

ऑलिव्ह रिडले जातीच्या कासवांच्या माद्या साधारणतः नोव्हेंबर ते मार्च या काळात रात्रीच्या वेळी किनाऱ्यावर येतात. भरतीच्या रेषेच्या वर वाळूत सुमारे दीड फूट खोल खड्डा करून एक मादी शंभराच्या आसपास अंडी घालते, खड्डा बुजवते आणि समुद्रात परत जाते. पुढे अंड्यांकडे ती फिरकत नाही. कोल्हे आणि कुत्री ही अंडी उकरून खातात. पूर्वी माणसेही ती खाण्यासाठी व विकण्यासाठी गोळा करीत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने या कासवाला संरक्षण दिले. परंतु दूरवरच्या किनाऱ्यावर रात्री पहारा कोणी ठेवावा, हा प्रश्न उरलाच होता.

चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने २००२ मध्ये वेळासच्या किनाऱ्यावर संरक्षणाचे काम सुरू केले. गावातील तरुणांना हाताशी धरून पहाटे किनाऱ्याची पाहणी करण्यास आरंभ झाला. मादीच्या पावलांच्या खुणांवरून घरटे शोधायचे, अंडी अलगद काढायची, जाळीच्या कुंपणात तेवढ्याच खोलीचा खड्डा करून त्यात ती ठेवायची आणि त्यावर तारखेची नोंद करायची, अशी ही पद्धत आहे. साधारण ४५ ते ६० दिवसांनी पिले वाळूतून वर येतात. पुढे वन विभाग आणि ग्रामस्थ यांनी ही जबाबदारी उचलली व किनारपट्टीवरील इतर गावांतही हे काम पसरले.

केवळ कायद्याच्या धाकाने हे काम टिकले नसते. अंडी विकून मिळणाऱ्या चार पैशांच्या जागी दुसरे साधन उभे राहणे आवश्यक होते. २००६ पासून भरू लागलेल्या कासव महोत्सवाने ते साधन दिले. पिले पाहण्यास येणाऱ्या पाहुण्यांची निवास व भोजनाची सोय गावकऱ्यांनी आपल्या घरीच केली. किनाऱ्यावरील घरटे सुरक्षित राहिले तर घरात पाहुणा येतो, हा हिशेब प्रत्येक घराला समजला.

जाण्याचा मार्ग

मुंबई वा पुण्याहून येणाऱ्यांनी माणगाव किंवा महाडमार्गे मंडणगड गाठावे. मंडणगडहून वेळासकडे राज्य परिवहन महामंडळाच्या गाड्या जातात. त्यांच्या फेऱ्या मोजक्याच असल्याने वेळा आधी विचारून निघणे श्रेयस्कर. रस्ता वळणावळणाचा आहे. अंतराच्या मानाने वेळ अधिक लागतो. कोकण रेल्वेने येणाऱ्यांना माणगाव स्थानकावर उतरून पुढील प्रवास एस.टी.ने करता येतो. दुसरा मार्ग श्रीवर्धन-हरिहरेश्वरकडून येतो. बागमांडले येथून वेसवीपर्यंत खाडी ओलांडणारी फेरीबोट प्रवासी व वाहने दोन्ही नेते. वेसवीहून बाणकोटमार्गे वेळास फार दूर नाही.

स्वतंत्र मोटार भाड्याने घेण्यापेक्षा एस.टी.चा प्रवास अर्थातच स्वस्त पडतो. ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना २०२२ पासून एस.टी.ने मोफत प्रवासाची, तर महिलांना मार्च २०२३ पासून निम्म्या भाड्याची सवलत देण्यात आली. आजी-आजोबांसह सहलीला निघणाऱ्या कुटुंबाच्या खर्चात त्यामुळे लक्षणीय फरक पडतो.

घरगुती निवास

वेळासमध्ये पाहुणा उतरतो तो कोणाच्या तरी घरी. ओटीवर किंवा माजघराशेजारच्या खोलीत अंथरूण-पांघरूण मिळते. न्हाणीघर बहुधा सामायिक असते. निवास आणि दोन वेळचे जेवण यांचा दर माणशी ठरवलेला असतो. तो निघण्यापूर्वी दूरध्वनीवरून विचारून घ्यावा. सकाळी घावन किंवा आंबोळी, दुपारी भात, आमटी, तांदळाची भाकरी, फणसाची वा वालाची भाजी आणि सोलकढी, असे घरातल्यांसाठी होते तेच जेवण पाहुण्याच्या पानात वाढले जाते. अनेक घरांत केवळ शाकाहारी स्वयंपाक होतो. पाहुण्यांची नेमकी संख्या आदल्या दिवशी कळवली तर अन्न वाया जात नाही आणि घरच्या गृहिणीची ओढाताणही टळते.

येथे दिलेला पैसा थेट त्या कुटुंबाच्या हाती पडतो. म्हणून दरात अकारण घासाघीस करणे उचित नव्हे. खर्च वाचवायचाच असेल तर शनिवार-रविवार टाळून आठवड्याच्या मधल्या दिवशी जावे. गर्दी कमी असते, खोली सहज मिळते आणि किनाऱ्यावरही मोकळेपणा लाभतो. मोबाइलचे जाळे सर्वत्र सारखे मिळत नसल्याने थोडी रोख रक्कम, औषधे आणि विजेरी जवळ ठेवावी.

पिलांचे वेळापत्रक

पिले किती वाजता बाहेर पडतील हे कोणालाही निश्चित सांगता येत नाही. अंड्यांतील वाढ वाळूच्या तापमानावर अवलंबून असते. पिलू नर होणार की मादी, हेही त्यावरच ठरते. वाळू अधिक तापली तर माद्यांचे प्रमाण वाढते. घरट्यावरील तारखेवरून केवळ अंदाज बांधता येतो. म्हणून फेब्रुवारीच्या अखेरीपासून एप्रिलपर्यंतच्या काळात जाण्यापूर्वी गावात चौकशी करावी आणि शक्यतो दोन रात्रींचा मुक्काम ठेवावा. एकाच दिवसात धावती भेट देऊन निराश होऊन परतणे व पुन्हा येणे, यापेक्षा एक रात्र अधिक राहणे स्वस्त पडते.

सकाळी आणि सायंकाळी कासवमित्र टोपल्या उचलून घरटी पाहतात. पिले वर आली असतील तर ती समुद्रापासून काही अंतरावर वाळूत सोडली जातात. पाण्यात थेट न सोडता त्यांना हे अंतर स्वतः तोडू दिले जाते. याच प्रवासात किनाऱ्याची खूण त्यांच्या ठायी उमटते, असे मानले जाते. प्रौढ झालेल्या माद्या अंडी घालण्यासाठी बहुधा आपल्या जन्मस्थानाच्या परिसरातच परततात. मात्र हजारातील एखादेच पिलू प्रौढावस्थेस पोहोचते, असा सर्वसाधारण अंदाज आहे.

त्यामुळे प्रेक्षकांनी दोरीच्या मागे उभे राहावे, पिलांना हात लावू नये आणि छायाचित्रासाठी झगझगीत प्रकाश पाडू नये. पिले उजेडाच्या दिशेने सरकतात. कृत्रिम प्रकाशाने त्यांची दिशाभूल होते. रात्री परवानगीशिवाय किनाऱ्यावर फिरू नये, कारण चाहूल लागताच मादी अंडी न घालता परत फिरू शकते. वाळूवर वाहन नेणे तर सर्वस्वी टाळावे.

याच किनाऱ्यावरून जानेवारी २०२१ मध्ये ‘प्रथमा’ नावाच्या मादीला उपग्रह-संदेशक बसवून समुद्रात सोडण्यात आले. पश्चिम किनाऱ्यावरील ऑलिव्ह रिडले कासवांच्या भ्रमणाचा अशा प्रकारे झालेला हा पहिलाच अभ्यास होता.

रिकामा वेळ

पिलांची प्रतीक्षा करताना दिवस मोकळा मिळतो. त्या वेळात बाणकोटचा किल्ला पाहता येतो. आंग्र्यांच्या काळात हिम्मतगड आणि अठराव्या शतकाच्या मध्यावर इंग्रजांच्या ताब्यात गेल्यावर फोर्ट व्हिक्टोरिया, अशी नावे या किल्ल्याला मिळाली. त्याच्या तटावरून खाडीचे मुख आणि पलीकडील हरिहरेश्वरचा डोंगर स्पष्ट दिसतो. गावातील मंदिरे आणि वाड्यांमधील पायवाटा पाहण्यास काहीच खर्च येत नाही.

वादळानंतर

३ जून २०२० रोजी आलेल्या निसर्ग चक्रीवादळाने मंडणगड व दापोली तालुक्यांतील बागायतीची मोठी हानी केली. नारळ-पोफळीची जुनी झाडे मुळासकट उन्मळून पडली. पोफळ आज लावली तर उत्पन्नास लागण्यास काही वर्षे जातात. तोपर्यंत घर चालले पाहिजे. अशा वेळी हंगामातील पाहुण्यांकडून मिळणारे उत्पन्न कुटुंबाला हातभार लावते. हंगाम मात्र जेमतेम दोन-तीन महिन्यांचा असतो आणि तो सर्वस्वी कासवांवर अवलंबून आहे.

गावाला पाहुणे हवे आहेत. पण किनाऱ्याला सोसवेल तेवढेच. आपला कचरा परत नेणारा, पाणी जपून वापरणारा आणि पिले न दिसली तरी कुरकुर न करता दुसऱ्या पहाटेची वाट पाहणारा प्रवासी वेळासला अधिक मानवतो. असा प्रवासी कमी खर्चात परततो, आणि पुढील वर्षी त्या किनाऱ्यावर मादी पुन्हा येईल याची थोडी तजवीजही करून जातो.